बोरिवलीचे अश्वपारखी

आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत घोड्यातलं कळणारे एक काका आहेत. बँकेतून निवृत्त, राहायला चौथ्या मजल्यावर, आणि हक्काची पार्किंगची जागा बारा वर्षं रिकामी. गाडी घेत नाहीत. "उद्या घोडा आणला तर बांधू कुठे?" या प्रश्नाला वार्षिक सभेत अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

घोडा आलेला नाही, पण पारख चालू असते. मागच्या लग्नसराईत गेटसमोर वरात थांबली. काकांनी पुढे होऊन घोडीचा ओठ वर केला, दात पाहिले आणि जाहीर केलं, "नऊ वर्षांची आहे." वर बसलेल्या नवऱ्याने घाईघाईने तोंड मिटलं. भाजीवाल्याशीही ते जनावरांच्या बाजारासारखा रुमालाखाली बोटं दाबून सौदा करू बघतात. तो बिचारा हात काढून घेतो.

ही विद्या सारंगखेड्याची. नंदुरबार जिल्ह्यात, तापीकाठी, दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोडेबाजार. एकदा काकांनी मलाही ओढून नेलं. रात्रीच्या गाडीने दोंडाईचा, पुढे मिळेल त्या जीपने.

तिथे परराज्यांतले व्यापारी पाल ठोकून घोड्यांशेजारीच मुक्काम करतात. चेतक महोत्सवामुळे पर्यटकांसाठी गाद्यागिरद्यांचे तंबूही असतात, पण घोड्यापासून दहा हात लांब झोपणं म्हणजे काकांच्या मते घोड्याचा अपमान. आम्ही ओळखीच्या पालात कडब्यावर पथारी टाकली. तापीवरचा वारा हाडात शिरत होता. पहाटे चादर सरकली म्हणून ओढली, तर पलीकडून कुणीतरी जास्त जोराने ओढली. बघतो तर एक पांढरीशुभ्र नुकरा घोडी माझी सोलापुरी चादर चघळतेय.

"चंदीची वेळ झाली तिची," अंधारातून काका म्हणाले. ते केव्हाच उठून, मोतद्दाराकडून खरारा मागून घेऊन, कुणाच्या तरी घोड्याचं अंग घासत होते.

दिवसभर धडे. चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा, तो पंचकल्याणी. कानांची टोकं एकमेकांना टेकतात, तो मारवाडी. गळ्यावरचा भोवरा म्हणजे देवमण, घरात लक्ष्मी. (काकूंच्या माहितीप्रमाणे घरात लक्ष्मी पेन्शनच्या दिवशी येते.) दुपारी एका मारवाडी घोड्यावर सौदा सुरू झाला. चार लाखांवरून सव्वातीनवर यायला तीन तास आणि सात चहा लागले. शेवटी व्यापाऱ्याने विचारलं, "सेठ, रखोगे कहाँ?"

"स्टिल्ट पार्किंग."

"ये कौन सा गाँव हुआ?"

काकांनी घोड्याच्या मानेवरून हात फिरवला. "घरी विचारून सांगतो," म्हणाले.

रिकाम्या हाताने मात्र येत नाहीत. एका वर्षी लगाम, एका वर्षी रिकीब, आमच्या खेपेला खोगीर. काकूंच्या माळ्यावर आता शब्दशः खोगीरभरती आहे.

यंदाचीही तिकिटं काढून झाली आहेत. जाताना दोन बर्थ, येतानाही दोनच.