सहप्रवाशाची सरतपासणी

परक्या माणसाचे अंतःकरण जाणून घेण्याची इच्छा ज्यांना मुंबई-पुणे प्रवासातच अनावर होते, त्या सद्गृहस्थांच्या उपयोगार्थ पुढील सूचना सादर आहेत.

प्रचलित शिरस्ता असा की, गाडीने ठाणे ओलांडण्यापूर्वी समोरच्याचे आडनाव, मूळ गाव, पगार आणि मुलीच्या लग्नाची सद्यःस्थिती एवढा ऐवज आपल्या दप्तरी दाखल व्हावा. खानेसुमारीस ही माहिती पुरेशी आहे. माणूस मात्र तिच्या कुठल्याच रकान्यात सापडत नाही, एवढीच आमची नम्र हरकत.

मुख्य दक्षता घ्यावयाची ती सूचक प्रश्नांविषयी. साक्षीदाराच्या तोंडी उत्तर घालणारा प्रश्न, प्रतिपक्षाने हरकत घेतल्यास, सरतपासणीत न्यायाधीशाच्या परवानगीवाचून विचारता येऊ नये आणि उलटतपासणीत मात्र विचारता यावा, अशी तजवीज १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने केली. आम्ही त्यातला उत्तरार्ध तेवढा उचलला, आणि “एकत्र कुटुंब म्हणजे सुनेचे हालच, नाही का हो?” असे विचारून, समोरच्या आजींनी भिडेखातर मान हलविताच मनुष्यस्वभावाचा थांग लागला असे मानू लागलो. त्याऐवजी “तुमच्याकडे रात्री आधी कोण जेवतं?” एवढेच विचारून पाहावे. सासूबाईंची, थोरल्या जाऊबाईंची आणि हल्लीची अशा तीन राजवटींचा इतिहास, कोणी कोणासाठी भाकरी झाकून ठेवी या तपशिलासह, बिनबोभाट हाती येतो.

‘का’ हे अक्षरही जपून वापरावे. “नोकरी का सोडलीत?” म्हटले की मनुष्य कैफियत देऊ लागतो, “सोडलीत त्या दिवशी घरी काय सांगितलंत?” असे विचारले तर तो क्षणभर खिडकीबाहेर पाहतो आणि मग खरे बोलतो.

प्रश्नोपनिषदातील सहा जिज्ञासूंना पिप्पलाद ऋषींनी आधी वर्षभर तप, ब्रह्मचर्य आणि श्रद्धा यांसह राहावयास लावले, आणि मग विचारा, ठाऊक असेल तर सांगू, असे बजावले. डेक्कन क्वीनच्या उतारूस एवढी मुदत नाही हे उघड आहे. सबब कर्जतला मागून बँकर इंजिने लागेपर्यंत तरी त्याने गप्प बसावे. उत्तर संपल्यासारखे वाटले तरी “आमच्याकडेही अगदी असंच!” म्हणून स्वतःच्या घराण्याची बखर उघडू नये. बोरघाटाची चढण सदतिसास एक आहे. हा मोह आवरण्याची चढण तिच्याहून खडी.

ज्याने वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरले आहे, त्याच्या वाटेस जाऊ नये.

पुणेकर वाचकांस स्वतंत्र विनंती अशी की, आपणांस कोणी याप्रमाणे प्रश्न केलाच, तर “तुम्हाला काय करायचंय?” हे उत्तर निदान लोणावळ्यापर्यंत तहकूब ठेवावे.