दिदीचं नवीन

विंचूरच्या तीनपाटीवर चहाला थांबलात आणि शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं टोपी मागं सरकवत "आमच्या दिदीचं नवीन ऐकलं का?" असं विचारलं, तर समजावं की चहा गार होणार. हे नाना. दिदी म्हणजे त्यांची नात, आता पहिलीत आहे. असे नाना गल्लीगणिक एक सापडतील, पण आमच्या नानांचा उरक दांडगा.

किस्सा ते थेट सांगत नाहीत. आधी वार, मग वेळ, मग घरात कोण कुठं बसलं होतं याचा पंचनामा. शेवटी ऐकणाऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवून, हसू दाबत, "अन् मंग काय म्हणली असंल?" इथं ओळखायचं नसतं. एकानं ओळखलं होतं. त्याला नानांनी पुढं बरेच दिवस चहा विचारला नाही.

त्यांचा हुकमी किस्सा निर्यातबंदीचा. डिसेंबर २०२३. केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली, भाव कोसळले, घरात सगळे टीव्हीसमोर तोंड पाडून बसलेले. दिदी तेव्हा बालवाडीत. तिनं विचारलं, "नाना, कांद्याला बाहेर जायला बंदी का? त्यानं काय केलं?" नाना म्हणाले, "भाव खाल्ला, बाळा." मे २०२४ मध्ये बंदी उठली, तेव्हा तिची चौकशी आलीच, "सोडलं का त्याला?" हे सांगताना नाना इतके हसतात की त्या हंगामात त्यांचं काय झालं होतं, हे विचारायचं राहून जातं.

एकदा लासलगाव बाजार समितीच्या इथल्या उपबाजारात ते तिला ट्रॅक्टरवर घेऊन गेले. लिलाव सुरू झाला. व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपुढं थांबतोय, कुणी कांदा हातात घेऊन दाबून बघतोय, बोली चढतेय. नानांच्या ट्रॉलीपाशी मिनिटभरात सगळं उरकलं आणि घोळका पुढं सरकला. दिदी वरून म्हणाली, "नाना, कांदा आपलाय ना? मग सगळे बोलले अन् तुम्हीच कसे गप्प?" मापाडीसुद्धा हसला म्हणे. नानांनी तिला भेळ घेऊन दिली. एरवी हिशोबपट्टी हातात पडल्यावर खर्चायची त्यांची पद्धत नाही.

वाइन पार्कवरून जाताना ती म्हणाली, "आपली द्राक्षं आंबली की आई फेकून देते. इथं पैसे देऊन आंबवतात?" कवळी वाटीत ठेवली की, "नाना, तुमचे दात झोपले. तुम्ही कधी झोपणार?" पाहुण्यांसमोर तर ती भलतीच मोकळी, "तुमचा चहा दुधाचाय. आमचा रोजचा पाण्याचा असतो." सुनेचा चेहरा पडतो. नाना मात्र धन्य होऊन पाहुण्यांकडं बघत राहतात, जणू पोरीनं आरती म्हणून दाखवली. त्यांचा मुलगा एकदा मला हळूच म्हणाला, "हेच आम्ही बोललो असतो ना, तर कानाखाली जाळ निघाला असता." खोटं नाही. ते जाळवाले नाना मी पाहिलेत.

एक किस्सा मात्र नाना हसून सांगत नाहीत. विंचूरकरांच्या वाड्याकडून येताना त्यांनी तिला गावच्या सरदाराची, विठ्ठल शिवदेवांची गोष्ट सांगितली. १७६१, पानिपत, केवढी लढाई, आपण हरलो, तरी आपले विठ्ठलराव तिथून जिवंत परत आले. नानांचा आवाज चढलेला. दिदी चालता चालता म्हणाली, "मग घरी आल्यावर कुणी विचारलं नाही, बाकीचे कुठं राहिले?"

इथं ते गुडघ्यावर हात ठेवत नाहीत. टोपी काढतात, झटकतात, परत घालतात आणि पोऱ्याला म्हणतात, "अजून दोन आण रे."

फर्माईश केली तर दिदी काही बोलत नाही, हे नानांचं मोठं दुःख. "दिदी, परवा काय म्हणली होतीस गं? सांग यांना." ती फ्रॉकची लेस चावत उभी. नाना शब्द पुरवतात, खुणा करतात, शेवटी तिच्या आवाजात स्वतःच म्हणून दाखवतात. तिच्या बोलण्यात दर खेपेला एखाददुसरं वाक्य वाढलेलं असतं, आणि वाढलेलं वाक्य सहसा नानांच्याच वळणाचं निघतं.

हे तिच्याही ध्यानात आलं. परवा नाना रंगात आले होते. ती शेजारी पाटीवर रेघोट्या मारत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "नाना, मी बोललेच नाही, ते पण तुम्ही सांगता."

ऐकणारे खो खो हसले. नाना क्षणभर गोरेमोरे झाले.

दुसऱ्या दिवशी हाही किस्सा तीनपाटीवर आला. वार, वेळ, कोण कुठं बसलं होतं, सगळ्यासकट. त्यात एक वाक्य वाढलं होतं.