नम्रता : 5 पैकी 5

पुण्यातल्या आमच्या कंपनीने फॉर्म पाठवलाय. तुमची मूल्ये आणि कंपनीची मूल्ये कितपत जुळतात? 1 ते 5 गुण द्या. पत्रिका लग्नाआधी बघतात, एवढं आमच्या कडा गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. इथे नांदून केस पांढरे झाल्यावर गुण जुळवतायत.

मी सढळ हाताने 5 टाकत सुटलो. सचोटी : 5. नम्रता : 5. खरं तर तिथे 6 टाकणार होतो, पण चौकट नव्हती. संयमाशी आल्यावर मात्र पेटलो. आमच्या भागातली नगर-बीड-परळी रेल्वे 1995 साली मंजूर झाली आणि नगरहून आष्टीपर्यंत प्रवासी गाडी धावायला 2022 चा सप्टेंबर उजाडला. आम्हाला संयम शिकवणार कोण, तर लिफ्टला दोन मिनिटं उशीर झाला की तक्रारीचा मेल ठोकणारी पोरं!

पुढचं मूल्य होतं : 'आपण एक कुटुंब आहोत.' इथे मला ऊसतोडीचा मुकादम आठवला.

मुकादमाच्या भिंतीवर मूल्यांची पाटी नसते. पावसाळ्यात तो आगाऊ उचल देतो, दसरा-दिवाळीनंतर टोळी गाडीत घालून कारखान्याला नेतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा रोखठोक हिशेब. मला मुलाखतीच्या तीन फेऱ्यांत विचारलं होतं, पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता? टोळीतल्या माणसाला हा प्रश्न कुणी विचारत नाही. तो उसाच्या फडातच असणार, हे दोघांनाही ठाऊक असतं. मी नोकरीला लागलो तेव्हा कंपनीने जॉइनिंग बोनस दिला. वर्षाच्या आत सोडून गेलात तर परत करा, अशी अट. मी कड्यात पेढे वाटले. शेजारच्या मामांनी पेढा तोंडात टाकला, अट ऐकली आणि म्हणाले, "म्हंजी उचलच की रं. फिटली का?"

त्या दिवसापासून मी गावात पगाराचा विषय काढत नाही.

पण मुकादमाचं कौतुक इथवरच. टोळीत एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा, आणि खाड्याला दंड. ताप असो, पाळी असो, खाडा तो खाडाच. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी केली. 82,309 जणींपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. सगळ्याच खाड्यापायी नव्हेत. पण पाळीचे दिवस परवडत नाहीत, असं सांगणाऱ्या बायका आमच्या भागात शोधाव्या लागत नाहीत. 'पिशवी काढली' हे त्या दात काढल्यासारखं सांगतात. त्यांच्याकडे कुणी फॉर्म पाठवलेला नाही.

मला मात्र साधी सर्दी झाली तरी पगारी रजा मिळते, वर 'लवकर बरे व्हा' असा फुलांचा मेल येतो. आमच्याच मजल्यावर फरशी पुसणाऱ्या कंत्राटी मावशींचा दिवस भरला नाही की पैसे कापतात. म्हणजे खाडाच, फक्त एसीतला.

शेवटच्या रकान्यात सूचना मागितली होती. लिहिलं : मूल्यं सावकाश जुळवू. आधी मावशींना पगारी रजा द्या.

फॉर्म निनावी होता. सोमवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला आणि विचारलं, "काय, कड्याकडे सगळं ठीक ना?"