दहापैकी किती? नागपुरातली गुगलच्या गुणांची भानगड

तर मंडळी, कानावर आलं का? नागपुरात आता मुलांचे दहावी-बारावीचे टक्के विचारणं जुनाट समजलं जातं. लग्नाच्या पंगतीत, धंतोलीतल्या दवाखान्याच्या बाकड्यावर, तर्री-पोह्याच्या ठेल्यावर प्रश्न एकच, "किती आहे तुमचा?" शुगर नव्हे हो, बीपीही नव्हे. क्वालिटी स्कोअर! गुगलवर पैसे मोजून जाहिरात लावणाऱ्याला त्याच्या एकेका कीवर्डमागे मिळणारा, १ ते १० मधला गुण. आधी तो कुणाला दिसतही नव्हता, कारण खात्यात तो रकाना मुद्दाम उघडावा लागतो. कोण्या एजन्सीच्या पोट्ट्यानं तो उघडून दाखवला आणि गावाची झोप उडाली.

"काय भाऊ, किती आला?"

"सात."

"बाप्पा! आमचं तर तिनावरच अडकून राहिलं."

तिनावरचा माणूस मग आठ दिवस सीताबर्डीवर फिरकत नाही. त्याहून वाईट अवस्था आडवी रेघ मिळालेल्यांची. त्या शब्दावर पुरेसे शोध झालेच नसले, तर गुगल गुणाच्या जागी रेघ ओढून मोकळं होतं. नापास झालो असतो तरी चाललं असतं, पण परीक्षेलाच बसू दिलं नाही, हे दुःख सांगायचं कुणाला?

खरा गहजब झाला तो कूलरवरून. एप्रिल उजाडला की नागपुरात माळ्यावरचा कूलर खाली येतो आणि खाली आला की मोटर बंद निघते. मग अख्खा मोहल्ला फोनवर 'कूलर दुरुस्ती' शोधत बसतो. समजा, एक मोठं शोरूम एका क्लिकला ४० रुपये द्यायला तयार आहे. आणि मानेवाड्याकडचा एक मिस्त्री, स्कूटरच्या डिकीत पाने-पक्कड घेऊन फिरणारा, त्याची ऐपत २० रुपयांची. वर कोण दिसायला हवं? शोरूम, असं कोणीही शहाणा म्हणेल. आणि दिसतो कोण? मिस्त्री!

गुगल म्हणे नुसती बोली बघत नाही, बोली आणि दर्जा यांचा गुणाकार बघतं. आकडे आपले समजण्यापुरते घ्या. शोरूमचा दर्जा ३, म्हणजे ४० त्रिक १२०. मिस्त्रीचा दर्जा ८, म्हणजे २० आठे १६०. पुढचं मात्र बसून ऐका. मिस्त्रीला ते २० रुपयेसुद्धा पडत नाहीत. खालच्याला मागे टाकायला जेवढे लागतात तेवढेच द्यायचे. १२० भागिले ८, म्हणजे १५ रुपये आणि वर थोडी चिल्लर. जास्त मोजणारा खाली बसणार, कमी मोजणारा वर मिरवणार! इतवारीतल्या एखाद्या जुन्या पेढीवर हा हिशेब मांडून बघा, मुनीमजी चष्मा काढून ठेवतील.

आणि मिस्त्रीचं असं कर्तृत्व तरी काय? शोरूमची जाहिरात म्हणते, 'सर्व घरगुती उपकरणांवर भव्य सूट'. मिस्त्रीची म्हणते, 'कूलरची मोटर, पंप, वाळा. आजच घरी येऊन बदलून देतो'. भर दुपारी घामाघूम बसलेला माणूस भव्य सूट घेऊन काय करेल?

पूर्वी असली थेरं नव्हती. १९९८ मध्ये अमेरिकेत बिल ग्रॉस नावाच्या गृहस्थांच्या गोटू डॉट कॉमनं शोधाच्या जागा लिलावात काढल्या, तेव्हा व्यवहार कसा रोखठोक होता. ज्याची बोली मोठी तो वर. कोणी किती लावले तेही तिथेच सगळ्यांना दिसायचं. गुगलनं २००० साली ॲडवर्ड्स काढलं आणि २००२ पासून क्लिकवर बोली घेताना 'लोक ही जाहिरात किती दाबतात' हेही मोजायला घेतलं. २००५ मध्ये त्याचं क्वालिटी स्कोअर असं बारसं झालं. २०१८ मध्ये ॲडवर्ड्सचं नाव बदलून गुगल ॲड्स झालं, पण हे गुणांचं झेंगट सुटलं नाही ते नाहीच.

या परीक्षेचे विषय तीन. लोक तुमची जाहिरात दाबण्याची शक्यता किती, जाहिरात शोधणाऱ्याच्या मनातल्या गोष्टीला धरून आहे का, आणि दाबल्यावर जे पान उघडतं ते कामाचं आहे का. प्रत्येकात शेरा मिळतो. अबव्ह ॲव्हरेज, ॲव्हरेज किंवा बिलो ॲव्हरेज. अब्रू जाते ती बहुतेकदा तिसऱ्या विषयात. रामदासपेठेत एखादे दंतवैद्य असतात, त्यांची जाहिरात म्हणते 'रूट कॅनाल, आजच अपॉइंटमेंट'. दाढ धरून बसलेला रुग्ण बोट लावतो. पान उघडता उघडत नाही. उघडलं की आधी गणपती, मग मंत्र्यांच्या हस्ते सत्कार, मग दवाखान्याच्या उद्घाटनाची फीत. फोन नंबर आहे, पण फोटोत छापलेला. दाबला तर लागत नाही. रूट कॅनाल हा शब्द शोधूनही सापडत नाही. पेशंट दुसऱ्या डॉक्टरांकडे पोचलासुद्धा, आणि आपले डॉक्टर विचारतात, "अहो, गुगलचं माझ्याशी वैर काय?"

पण सगळ्यात खमंग प्रकरण संत्रा बर्फीचं. लक्ष्मीनगरातल्या एक वहिनी घरी बर्फी करतात. कीवर्ड टाकला 'नागपूर संत्रा', तोही ब्रॉड मॅचमध्ये, म्हणजे गुगलला वाटेल त्या जवळच्या शोधावर जाहिरात दाखवायची मोकळीक. क्लिक धो धो आले. वहिनींनी देवापुढे साखर ठेवली. महिनाअखेर ऑर्डरी मोजक्या, बिल दणदणीत, वर १८ टक्के जीएसटी. मग कोणीतरी 'सर्च टर्म्स' उघडून दाखवलं. कोण येऊन राहिलं होतं बर्फीच्या दारात? काटोल-नरखेडचे शेतकरी, 'कळमना संत्रा भाव आज' विचारत. कुणाला अंबिया बहाराचे दर पाहिजे होते, कुणाला शेंदूरजना घाटची कलमं, कुणाला डिंक्या रोगावर औषध. आणि काही मंडळी, सांगू की नको, 'देशी दारू संत्रा' शोधत आली होती! सोवळ्यातली बर्फी आणि दारात हे गिऱ्हाईक! वहिनींचे मिस्टर दोन दिवस बोलले नाहीत म्हणे.

उतारा साधा होता. भाव, दर, कलम, रोग, दारू हे शब्द निगेटिव्ह कीवर्डांत टाकले, म्हणजे तिथे आपली जाहिरात दिसूच नये. 'संत्रा बर्फी ऑर्डर' आणि 'दिवाळीसाठी बर्फी बॉक्स' यांचे गट वेगळे केले, प्रत्येकाला त्याची जाहिरात आणि त्याचं पान. आणखी एक चोरवाट होती. जागा निवडताना 'नागपुरात असलेले किंवा नागपुरात रस असलेले' हा पर्याय मुळातच लावलेला असतो. वहिनींची डिलिव्हरी रिंग रोडच्या आत, आणि जाहिरात बघतोय पुण्यात बसून नागपूरची आठवण काढणारा. तोही पर्याय बदलला.

इतकं सरळ असताना लोक काय करतात? भानगडी! कोणी बोली दुप्पट करतो. त्यानं जागा वर जाईल, पण जागेचा फायदा गुगल हिशेबातून वजा करतं, गुण विकत मिळत नाही. कोणी दिवसभर स्वतःचीच जाहिरात शोधून 'दिसली, दिसली' म्हणून टाळ्या पिटतो. दिसली पण दाबली नाही, की आकडा घसरतो. जावईबापूंनी प्रेमानं रोज दाबली, तर पैसे आपलेच जातात. जाहिरात नुसती बघायची तर त्यासाठी खात्यातच वेगळी सोय आहे, पण तिथे टाळ्या पिटायची मजा नाही ना.

आणि दहापैकी दहा मिरवणाऱ्यांचं गुपित ऐकायचंय? ते स्वतःच्या दुकानाचं नाव कीवर्ड म्हणून लावतात. तुमच्या नावानं शोधणारा तुमच्याकडेच येणार, त्यात दहा मिळाले तर नवल काय? एजन्सीवाले तेवढेच दहा रंगीत प्रिंटआउट काढून दाखवतात. 'मंगल कार्यालय नागपूर' या शब्दावर किती आहेत, ते विचारा. लगेच चहा मागवतील.

आता खरा बॉम्ब. ज्या आकड्यासाठी घराघरात अबोले झाले, तो लिलावात वापरलाच जात नाही! गुगलच सांगतं. दर शोधाला दर्जाचा हिशेब त्या क्षणी नव्यानं होतो. शोधणारा कुठे आहे, कोणत्या फोनवर आहे, काय वेळ आहे, सगळं बघून. रकान्यातला तो १ ते १० नुसता निदानापुरता, दुखणं कुठे आहे ते दाखवायला. मिस्त्रीनं तो रकाना कधी उघडलेलासुद्धा नाही. त्यानं एवढंच केलं, की लोक जे विचारतात त्याचंच उत्तर दिलं. आता सांगा, धंद्यात असं कोणी वागतं का? विचारलेल्या प्रश्नाचं सरळ उत्तर! शिस्त म्हणून काही राहिलीच नाही.

दहाचं खूळ जरा ओसरतंय तोवर नवीन येऊन ठेपलंय. ऑप्टिमायझेशन स्कोअर, आणि हा थेट १०० पैकी! गुगल शिफारशी पाठवतं. बजेट वाढवा, ब्रॉड मॅच लावा, अमुक करा. मान्य केली की टक्के वाढतात. आणि, जरा जवळ या, शिफारस धुडकावून लावली तरीही टक्के वाढतात! एका लॉनवाल्यानं एका बैठकीत सगळ्या शिफारशी नाकारल्या, १०० टक्के मिळवले आणि गल्लीत पेढे वाटले. पेढे चांगले होते. दोन खाल्ले मी.