हजेरी शिरपुरात, पोरगा लातुरात

धुळ्यात सरकारी मेडिकल कॉलेज कधीचंच आहे, जळगावातही २०१८ पासून. पण तिथं पोचायचा रस्ता लातूर नाहीतर कोट्याच्या क्लासवरून जातो, ही खान्देशाची ठाम समजूत. म्हणून बारावीची हजेरी शिरपूरकडे आणि पोरगा लातुरात. परीक्षानळी हाती न धरता प्रॅक्टिकलला तीसपैकी तीस. एवढी दूरदृष्टी सर्जनलाही जमायची नाही! क्लासची फी केळीच्या बागेतून. भाव पडला, की बाप हप्ते मोजतो आणि पोरगा निगेटिव्ह मार्क. २०२४च्या ‘नीट’च्या पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० मिळाले, तेव्हा एका बापानं क्लासवाल्याला काळजीनं विचारलं, “भाऊ, सातशे वीसना वर काहीच नही का?”