दाखला असल्याशिवाय प्रवेश नाही

ओकॅमल भाषेच्या कंपायलरचा जाहीर सत्कार व्हायला हवा. इतकी कसून चौकशी हल्ली सोयरीक जुळवतानाही होत नाही. प्रोग्रॅम वाचून आधी ‘पार्सट्री’ हे झाड उभे राहते. मग टाइपचेकर त्याचे ‘टाइप्डट्री’ करतो. एकात एक मिळवायचा असला, तरी दोन्ही एकांना आपण पूर्णांक असल्याचा दाखला, म्हणजेच ‘टाइप’, मिळतो. सोबत मूळ फाइलमधला पत्ता आणि आसपासच्या नावांची नोंदही जोडली जाते.

एवढी कागदपत्रे पूर्ण झाली की पुढचा टप्पा, ‘लॅम्डा’, त्यांतले जवळजवळ सगळे टाइप टाकून देतो. यालाच कार्यक्षमता म्हणतात.

टाइप्डट्रीत दुरुस्ती करू पाहणाऱ्यांचीही उत्तम सोय आहे. ‘अनटाइपास्ट’ वापरून सगळे दाखले उतरवावेत, झाड पुन्हा पार्सट्री करावे, बदल करावा आणि नव्याने तपासणीच्या रांगेत उभे राहावे. आमची नम्र सूचना अशी की हे चक्र मुळी थांबवूच नये. दाखले चढवावेत, उतरवावेत, पुन्हा चढवावेत. प्रोग्रॅम चालण्याची वेळच येणार नाही, आणि जो चालत नाही तो कोसळतही नाही. सुरक्षिततेचा याहून भक्कम पुरावा कोणता?

घाई असलेल्यांसाठी ‘ऑब्ज.मॅजिक’ आहेच. कोणत्याही टाइपची वस्तू आत द्यावी, हव्या त्या टाइपची म्हणून बाहेर घ्यावी. टाइपचेकर हरकत घेत नाही. झाडातल्या त्या नोडलाही तो रीतसर दाखला देतो, पत्त्यासकट.