यादीतलं नाव

वैशाखात नाचणगावाहून पुलगावला निघालेल्या मुलीला कोणी ओळखू नये असाच सगळा बंदोबस्त असतो. कपाळापासून हनुवटीपर्यंत आवळलेला दुपट्टा, हातात मोजे, उघडे काय ते डोळे. आमच्या उन्हानं गावातल्या पोरींना एका रहस्यकथेत नेऊन उभं केलंय म्हणा ना! तरी ओट्यावर बसलेली आजी नुसत्या गाडीच्या आवाजावरून सांगते, "थे पाय, मास्तरची पोरगी चालली पुलगावले."

१९३५च्या 'हंटरवाली'त याच्या अगदी उलट. राजकन्या माधुरी डोळ्यांपुरता मुखवटा लावी, बाकी चेहरा उघडा, आणि तरी तिला कोणी ओळखत नसे. त्या राज्यात आमची ओट्यावरची आजी असती तर चित्रपट पहिल्या रिळातच आटोपला असता. माधुरी झालेली नादिया मूळची मेरी इव्हान्स. जन्म ऑस्ट्रेलियातला, आणि सिनेमाआधी मुंबईच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअरमध्ये विक्रेती. तिच्या हातून सुटे पैसे मोजून घेणाऱ्यांना काय ठाऊक, ही बाई पुढे धावत्या गाडीच्या टपावर मारामाऱ्या करणार आहे! अमेरिकेतल्या वंडर वुमनला तर साधी ओळख विकतच घ्यावी लागली. जानेवारी १९४२च्या कॉमिकमध्ये तिला रडणारी एक नर्स भेटते. चेहरा हुबेहूब हिचाच, नाव डायना प्रिन्स, आणि होणारा नवरा दक्षिण अमेरिकेत. त्याच्याकडे जायला पैसे नाहीत. ही पैसे देते आणि तिचं नाव, नोकरी घेऊन मोकळी होते. अचाट बळासाठी तिला दमडीही मोजावी लागली नव्हती. चारचौघींसारखं असणं मात्र रोखीनं घ्यावं लागलं.

आमच्या गल्लीतही अशीच एक म्हातारी, साऱ्या गावाची 'बंड्याची माय'. बाळंतपण असो की मयत, पहिली हाक तिलाच. अपरात्री कंदील घेऊन ती कोणाकोणाच्या दारी उभी राहिली, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. एका मतदानाच्या दिवशी केंद्रातल्या अधिकाऱ्यानं यादीतलं तिचं नाव मोठ्यानं वाचलं. ही कोण बाई आली म्हणून सगळी रांग मागे वळली. ती स्वतःही वळली! मग पेटीच्या तळाचं लग्नातलं पातळ काढावं तसं हलक्या हातानं तिनं ते नाव बाहेर काढलं, "मीच आहो थे," म्हणाली आणि शाईसाठी बोट पुढे केलं. बाहेर आली ती पुन्हा बंड्याची माय होऊनच.

ते नाव मला पाठ आहे. पण विचारू नका. असल्या कथांत ते कोणी सांगत नसतं.